परसातला पहिला मध

देऊळगाव राजा
९ जानेवारी २०२४

प्रिय चांगुणाताई,

सप्रेम जयभीम.

तुझं ऐकायचं मशीन कपाटात ठेवलेलं आहे, हे तुझ्या सुनेकडून कळलं. गेल्या आठवड्यात मी फोन केला तेव्हा प्रत्येक प्रश्नाला तू "हाव, जेवली" असं उत्तर दिलंस. मी जेवणाचं विचारत नव्हते. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे.

बातमी अशी, की आमच्या परसात लिंबाखाली दोन मधपेट्या आल्या आहेत. त्या समताने आणल्या. ती बुलढाण्याला एका प्रशिक्षणाला गेली होती, तिथूनच माश्यांसकट घेऊन आली. पेट्यांच्या पायांखाली पाण्याने भरलेल्या वाट्या ठेवल्या आहेत, मुंग्या चढू नयेत म्हणून. त्या चांगल्या वाट्या होत्या. मला न विचारता घेतल्या.

मी आयुष्यभर मुलींचं वसतिगृह सांभाळलं. डसणाऱ्या माश्या, चावणारी कुत्री आणि रडणारे पालक यांना मी फाटकाबाहेर ठेवत आले. आता निवृत्तीत माझ्याच परसात हजारोंनी माश्या आहेत आणि कपडे वाळत घालायचे तर मला वळसा घालून जावं लागतं. समता म्हणते, सरळ जा, फक्त त्यांच्या दाराच्या वाटेत उभी राहू नकोस. तेवढं मला समजतं.

समता नाशिकहून रजेवर आली आहे. थोडे दिवस राहील. चेहरा उतरला आहे, जेवण कमी, दुपारी झोपते. लहानपणी माझी ही लेक दुपारी कधी झोपली नव्हती. सकाळ-संध्याकाळ मात्र पेट्यांपाशी स्टूल टाकून बसते.

तुझ्या गुडघ्यांचं लिही. मशीन कानात घाल.

तुझी,
संजीवनी


सोनाळा
१८ जानेवारी

संजू,

जयभीम. तुह्यं पत्र भेटलं. मशीन मी घालत नाही कारण त्यातून सुनेचं समदं ऐकू येते.

तू शिकलेली असून तुले कळलं कसं नाही, का मलेच सांगून नाही राह्यली? पोट्टी माहेरी आली, जेवत नाही, दुपारी झोपते, तोंड उतरलं. अवं, याले डॉक्टर लागत नाही. पोट्टीले दिवस गेले! मी तं पत्र वाचता वाचता उठूनच बसली. मळमळते काय? आंबट मागते काय? अठी संत्रं निघून राह्यलं, भाच्यासंगं पिशवी धाडली आहे. डिंकाचे लाडूबी केले. आता डिंक जास्त नाही टाकला, पुढच्या खेपेले टाकीन.

आन् मधाचं मनावर घे. घरच्या पेटीचा पहिला मध बाळाच्या जिभीवर ठेवू. आपल्या आबाचा मध आठवते काय तुले? पलिता लावून मोहोळ जाळायचा आन् पोळं पिल्लांसकट धोतराच्या फडक्यात पिळायचा. तू झाडाखाली येतच नव्हती. लांबून वरडायची, "आबा, माशी चावली तं शाळा बुडन." तवापासून तुले शाळेचंच पडलेलं.

पोट्टीले जड उचलू देऊ नको. त्या पेट्या तूच उचलजो.

चांगुणा


देऊळगाव राजा
२७ जानेवारी २०२४

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम.

लाडू आणि संत्री पोचली. लाडू उत्तम झाले आहेत. बाळंतिणीसाठी केलेले लाडू आम्ही दोघी खातो आहोत आणि दोघींपैकी कोणीही गरोदर नाही.

तुझं पत्र पोस्टमनने समताच्या हातात दिलं आणि तिने ते उघडून वाचलं. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर हसण्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर ती पायरीवर बसून ओढणीने डोळे पुसत होती, पण हसत होती. घरी आल्यापासून प्रथमच. म्हणून तुझ्यावर रागावत नाही.

आता खरं ते लिहिते. "रजेवर" हा शब्द मी वापरायला नको होता. रजा असायला नोकरी लागते आणि तिची नोकरी लग्नानंतर वर्षभरात सोडायला लावली. ती नवऱ्याचं, धम्मरत्नचं घर सोडून आली आहे. नोव्हेंबरात आली. एक बॅग घेऊन, न कळवता.

तू विचारशील, मारतो का? मारत नाही. पितही नाही. मीही हेच विचारलं होतं आणि उत्तर ऐकून सुटकेचा श्वास सोडला होता. मग ती म्हणाली, "आई, मी बोलायला लागले की तो टीव्हीचा आवाज वाढवतो. रोज. मी थांबले की कमी करतो."

तिचे सासरे पंजाबराव भले गृहस्थ आहेत. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिला न्यायला येतो असं त्यांनी कळवलं आहे. समताने स्वतःच स्वतःला अट घातली आहे. तोपर्यंत मध निघाला तर ती इथे राहून पेट्या वाढवणार, नाही निघाला तर पंजाबरावांबरोबर परत जाणार. माझ्या पेन्शनवर बसणार नाही म्हणते. मी मान्य केलं. अट स्पष्ट असली की मला बरं वाटतं, हे तुला माहीत आहे.

नाल्यापलीकडच्या गुलाबरावांनी वेगळीच तक्रार मांडली आहे. ते एका कंपनीसाठी बियाण्याचा कांदा लावतात. फुलांचे गोंडे आता वर येऊ लागले आहेत. परवा कुंपणापाशी येऊन म्हणाले, "बाई, तुमच्या माश्या माह्या फुलाचा रस पिऊन जातीन, तं दाणा काय भरन? कंपनीवाल्याले काय देऊ, काड्या?" समताने त्यांना समजावलं, की माशी या फुलावरचे परागकण त्या फुलावर नेते, त्यानेच दाणा भरतो. त्यांनी मान हलवली, पण दुःखात असलेल्या माणसाचं बोलणं ऐकताना हलवतात तशी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मळ्याभोवती जुन्या साड्या बांधल्या. रानडुकरांसाठी लोक बांधतात तशाच, पण चांगल्या पुरुषभर उंच. माशी साडीवरून उडते हे त्यांनाही कळत असणार. माणसाला काहीतरी बांधलं म्हणजे बरं वाटतं.

समता म्हणते काळजी नाही, या बाजूला करडई फुलली आहे, माश्यांना तीच पुरेल.

हे सगळं तुझ्यापाशीच राहू दे.

संजीवनी


सोनाळा
६ फेब्रुवारी

संजू,

जयभीम. पत्र दोनदा वाचलं. लाडवाचं काही वाटून घेऊ नको. पोट्टीले ताकद तं लागतेच.

काऊन लपवलं माह्यापासून? मी काय गावात दवंडी देणार होती?

एक गोष्ट सांगतो, ते तू लहान होती म्हणून तुले ठाऊक नाही. मीबी एकदा अशीच आली होती. लग्नाच्या दुसऱ्या साली. आबानं काही इचारलं नाही. माय रडली. चार रोज राह्यली, मंग आबानं बैल जुंपले आन् मले गाडीत बसवलं. पुढं माह्या माणसाचा सोभाव सुधरला, लेकरं झाली, संसार बरा झाला. समदे म्हणतात आबानं बरं केलं. पण ते आबाचं शहाणपण नव्हतं, संजू. ते नशीब होतं. बैलगाडीत बसली तवा मले काय ठाऊक होतं, का पुढं बरं होईन म्हणून?

तू अट मान्य केली म्हणते. माश्यानं मध केला तं पोट्टी राहीन आन् नाही केला तं जाईन. हे कोणतं वसतिगृह? माशीले काय ठाऊक, तिच्यावर कोणाचं काय टांगलं आहे ते.

रागावू नको. गुडघे तसेच हायेत.

चांगुणा


देऊळगाव राजा
१९ मार्च २०२४

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम.

बरेच दिवस पत्र नाही याचं कारण तुझं मागचं पत्र. उत्तर लिहायला दोनदा बसले आणि दोन्ही कागद फाडले. आता जे घडलं तेवढं लिहिते.

काल मध काढला.

गेल्या आठवड्यात समताने वरच्या कप्प्यातली एक चौकट उचलून मला दाखवली. पोळ्याच्या सगळ्या घरांवर पांढऱ्या मेणाची झाकणं चढली होती. माश्यांनी झाकण लावलं म्हणजे मध तयार. तिने प्रशिक्षणाच्या ठिकाणाहून मध काढायचं यंत्र दोन दिवसांसाठी मागून आणलं. ते पत्र्याचं पिंप आहे, आत चौकटी उभ्या ठेवायच्या आणि बाहेरून दांडा फिरवायचा. दही घुसळतो तसं, फक्त इथे मध उडून भिंतीवर बसतो आणि खाली उतरतो. पोळं मोडत नाही, ते माश्यांना परत द्यायचं. पिल्लं खालच्या कप्प्यात असतात, त्यांना हात लावायचा नाही. आबाला हे दाखवायला हवं होतं.

मी यांचा जुना रेनकोट घातला आणि डोक्यावरून मच्छरदाणीचा तुकडा घेतला. यांना जाऊन सहा वर्षं झाली, रेनकोट अजून चांगला आहे. समताने गोवरीचा धूर दिला. तिच्या हाताला घाई नव्हती. माश्या तिच्या मनगटावरून चालत होत्या आणि ती त्यांना कोंबडीच्या पिसाने बाजूला सारत होती, झोपलेल्या मुलाच्या कपाळावरचे केस सारावे तशी. मला मानेवर एक माशी चावली. मी नांगी नखाने खरवडून काढली. ओरडले असते तर ती थांबली असती.

सुरी गरम पाण्यात बुडवून तिने मेणाची झाकणं काढली. मी दांडा फिरवला. खाली तोटीतून मध आला तेव्हा आम्ही दोघी नुसत्या पाहत राहिलो. तिने तो पांढऱ्या फडक्यातून गाळला. स्टीलची मोठी बरणी भरली आणि आणखी थोडा उरला. तिने बोट बुडवून आधी माझ्यापुढे धरलं.

ताई, त्या मधाला कांद्याचा वास येत होता.

थोडाथोडका नाही. चव गोड, पण नाकाशी नेला की कांदा चिरल्यासारखा वास. मी विचारलं, "फडकं कुठून घेतलंस?" म्हणाली, फडताळातून. मी म्हटलं, फडताळात मसाल्याच्या कांद्याची परडी असते, तिथलं फडकं मधाला कोणी वापरतं का? आवाज चढला माझा. वसतिगृहातल्या मुलींवर चढायचा तसा. तिने बरणीला झाकण लावलं, यंत्र धुतलं, चौकटी परत पेटीत ठेवल्या. रात्री पाहिलं तर पलंगाखालची बॅग पलंगावर होती आणि त्यात घडी केलेले दोन ड्रेस होते.

रविवारी एकतीस तारखेला पंजाबराव येतील.

संजीवनी


सोनाळा
२३ मार्च

संजू,

पत्र आज भेटलं, आजच लिहितो आहे. नातू मोटरसायकलनं तिकडच येऊन राह्यला, त्याच्या हाती देतो.

मधाले कांद्याचा वास येते तं येऊ दे. भाकरीसंगं वेगळा कांदा फोडा लागत नाही.

फडकं सोड. पोट्टीले धर.

चांगुणा


देऊळगाव राजा
२ एप्रिल २०२४

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम.

तुझी चिठ्ठी पोचली तेव्हा आम्ही चहा पीत होतो. मी ती मोठ्याने वाचली. भाकरीच्या ओळीवर समताच्या ओठाचा कोपरा हलला. शेवटची ओळ मी मोठ्याने वाचली नाही. चिठ्ठी तिच्या हातात दिली.

मग मी म्हटलं, "अट रद्द. मध नासला असेल तर नासू दे. तू जायचं नाहीस."

ती म्हणाली, "मग मी काय म्हणून राहू? पाहुणी म्हणून?"

मी "मुलगी म्हणून" म्हणू शकले असते, पण तिला ते नको होतं आणि तिला काय हवं होतं ते मला कळत होतं. स्वतःच्या हाताचं काहीतरी. बॅग पलंगावर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापाशी गुलाबरावांची हाक आली. मला वाटलं माश्यांचं भांडण. मी पदर खोचूनच गेले. पण गुलाबराव हसत होते आणि त्यांना हसताना मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. म्हणाले, दोघी या, दाखवायचं आहे. त्यांनी मळ्याभोवतीची एक हिरवी साडी पडद्यासारखी बाजूला केली आणि आम्हाला आत घेतलं.

ताई, आत पांढरे गोंडे गुडघ्याच्या वरपर्यंत उभे होते आणि एकेका गोंड्यावर माश्या. आमच्याच माश्या, दुसरीकडून कुठून येणार? अर्ध्या गोंड्यांची फुलं गळून हिरवी बोंडं धरली होती. गुलाबरावांनी एक बोंड नखाने फोडलं, आत दाणा भरलेला. "बाई," म्हणाले, "इतका दाणा या वावरात मी पह्यल्यांदा पाहून राह्यलो. साड्या बांधल्या तं बायको हासली होती मले. म्हणे, माशी काय जिना चढून येते?"

मी ऐकत होते, पण माझं लक्ष नाकाकडे होतं. ऊन चढलं होतं आणि फुलांना वास सुटला होता. कांद्याचा वास, पण चिरलेल्या कांद्याचा नाही. त्याच्या मागे गोड. बरणीतला वास.

मी समताकडे पाहिलं. ती एका गोंड्यावर वाकली होती. तिनेही तोच वास घेतला असणार, कारण ती वर झाली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि मग लाल झाला. करडईवर जातात म्हणून आम्ही सगळे निश्चिंत होतो. त्या साड्यांमुळे आम्हाला ना मळा फुललेला दिसला, ना माश्या. गुलाबरावांना वाटलं साड्यांनी माश्या थांबल्या, आम्हाला वाटलं त्या करडईत आहेत. आणि त्या रोज वरून उडून इथे येत होत्या.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "समता, तुझं फडकं स्वच्छ होतं."

परतताना नाल्यातून तिने माझा हात धरला. नाल्याला पाणी नव्हतं. धरायची गरज नव्हती.

गुलाबरावांनी पुढच्या हंगामात फुलं येताच पेट्या त्यांच्या मळ्यातच ठेवायला मागितल्या आहेत आणि बियाणं लावणाऱ्या त्यांच्या भावबंदांनाही पेट्या हव्या आहेत. म्हणजे दोन पेट्या पुरायच्या नाहीत. समताने त्या संध्याकाळी कागद घेऊन आकडेमोड सुरू केली. मी बातम्या ऐकत होते. ती म्हणाली, "आई, ऐकशील का, मी असं ठरवते आहे की…" मी रेडिओ बंद केला. महत्त्वाची बातमी चालू होती. काय होती ते मला अजून माहीत नाही.

पंजाबराव रविवारी आले. एकटेच आले. धम्मरत्नला काम होतं म्हणे. ते ऐकून समताच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मी पाहिला. तिने त्यांना ज्वारीची भाकरी आणि वाटीत मध दिला. त्यांनी घास घेतला, थांबले, पुन्हा घेतला आणि भिडस्तपणे म्हणाले, "पोरी, याले कांद्याचा वास येते काय?"

"हो बाबा," ती म्हणाली. "समोरच्या मळ्यातल्या फुलांचा आहे. ठेवला की कमी होतो म्हणतात." आणि त्याच आवाजात, भाकरी वाढावी तसं म्हणाली, "मी येत नाही."

पंजाबरावांनी भाकरीचा तुकडा मधात फिरवला. मी मध्ये बोलले नाही. ताई, मी बोलले नाही हे तू विशेष नोंदव. मग त्यांनी वाटी पुसून खाल्ली आणि म्हणाले, "त्याले सांगतो. पण तो ऐकत नाही." ते स्वतःच्या मुलाबद्दल बोलत होते आणि त्यांना ते फार वर्षांपासून माहीत असावं असं वाटलं. जाताना त्यांनी समताच्या डोक्यावर हात ठेवला. तिने त्यांना एक बाटली बांधून दिली. पुढे कागदपत्रांचं जे व्हायचं ते होईल, वकील मी पाहते आहे. पण त्या रात्री मी नोव्हेंबरनंतर प्रथमच रात्रभर झोपले. बॅग पलंगाखाली गेली आणि ड्रेस दोरीवर आहेत, माश्यांच्या वाटेपासून बाजूला.

तुझ्या नातवाच्या हाती एक बाटली पाठवते. बाटलीचं झाकण काढून तोंडाला पातळ फडकं बांध आणि सावलीत ठेव, वास हळूहळू जातो असं समता म्हणते. वास गेला की कळव. घाई करून खाऊ नकोस.

तुझी,
संजीवनी


सोनाळा
१० एप्रिल

संजू,

जयभीम. मध भेटला. वास जायाची वाट पाह्यली नाही. नातवानं, मी आन् सुनेनं भाकरीसंगं संपवला. सुनेनं बाटली धुवून पाणीबी पेलं.

आबाच्या मधापरीस हा चांगला. यात माश्यांचे पाय नव्हते.

मशीन कपाटातून काढलं आहे. बॅटरी घातली. सुनेचं ऐकू येते ते येऊ दे. रविवारी सकाळी फोन लावजो, पण तू बोलू नको. पोट्टीच्या हाती दे. तिले जे सांगायचं असन ते सांगू दे, कितीबी वेळ लागो. मी ऐकतो.

चांगुणा